ग्रहणात खुडलेले देठ

फेब्रुवारी लागला की आख्खं नंदुरबार खोकायला लागतं. शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर मिरच्या वाळत पडलेल्या असतात आणि वारा फिरला की त्यांचा ठसका थेट आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत येतो. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी बाहेरगावाहून आलेले परीक्षक पहिल्या दहा मिनिटांत खिशातून रुमाल काढतात आणि विचारतात, "मॅडम, इथे नेहमी असंच असतं का?" आम्ही हो म्हणतो, चहा मागवतो. मग त्यांचा निम्मा वेळ शिंकण्यात जातो आणि पोरांना प्रश्न कमी पडतात. आमच्या प्राणिशास्त्राच्या निकालात मिरचीचा हातभार मोठा आहे, पण अहवालात तिचं नाव कोणी घालत नाही.

यंदाही तेच. काल टेबलावर जर्नलांची चळत येऊन पडली, तोंडी परीक्षेचं वेळापत्रक लागलं आणि खिडकी उघडताच नाकाला तो तिखट वास आला. बावीस वर्षं मी या वासात कोंबडीच्या भ्रूणाची आकृती तपासते आहे. त्यातली तीन वर्षांपूर्वीची मिरची मात्र अजून घशातून उतरलेली नाही.

जर्नल हा प्रकार ज्याने शोधून काढला, त्याला माझ्यासमोर उभं करा. अठ्ठेचाळीस तासांचा भ्रूण, बहात्तर तासांचा भ्रूण. काचेखाली बल्ब लावायचा, मोठ्या बहिणीचं जर्नल त्यावर ठेवायचं आणि वरून पेन्सिल फिरवायची. एका वर्षी कोणाच्या तरी पानावर शाईचा थेंब सांडला, हृदयाच्या थोडा खाली. पुढच्या वर्षी तो थेंब तीन जर्नलांत आला. त्याच्या पुढच्या वर्षी एका हुशार मुलीने त्याला बाण काढून 'रक्तवाहिनी' असं नावही दिलं. त्या पानावर माझी सही आहे, तारखेसकट.

बरं, खरा भ्रूण पाहावा, तर आमच्या विभागाची त्यातली अक्कल जगावेगळी. माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. शेजारी नवापूर, तिथे अंड्यांचे ढीग, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन डझन पांढरीशुभ्र अंडी आणली आणि उबवणीच्या पेटीत ठेवली. रोज सकाळी विभागप्रमुख तापमान बघून वहीत लिहायचे. चार दिवसांनी अंडी फोडली. आत बलक. आणखी चार दिवस थांबून फोडली, तेव्हा विभाग रिकामा करावा लागला. विभागप्रमुखांनी शेरा लिहिला की पेटी सदोष आहे, नवी मागवावी. नवी पेटी आली. तिच्यातही आम्ही दुकानातलीच अंडी ठेवली.

पुढे काही वर्षांनी नवापूरच्या आठवडी बाजारात पाटीत गावठी अंडी घेऊन बसलेल्या एका बाईला मी हे गाऱ्हाणं सांगितलं. ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारची भाजीवालीही हसायला लागली.

"मॅडम, ते दुकाननं अंडं शे. तठे पोल्ट्रीमा कोंबडाच नही," ती म्हणाली. "त्यामा पिल्लू कोठून येई?"

तीन पदव्युत्तर माणसं त्या विभागात बसत होती, त्यांतली एक मी. मी मान खाली घालून तिच्याकडून डझनभर अंडी घेतली. चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्यामागे टॉर्च धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पाहिलं. मधे एक लाल ठिपका धडधडत होता आणि त्याच्यापासून बारीक लाल रेघा चहूकडे निघाल्या होत्या, अजून चोच नाही, पिसं नाहीत, पण रक्ताने आपल्या वाटा काढून ठेवल्या होत्या. जिथे श्वास कमी पडतो तिथली पेशी हाक घालते आणि रक्तवाहिनी तिच्याकडे वाढत जाते, हे मी पुस्तकातून शंभरदा शिकवलं होतं. त्या दिवशी मला रडू आलं. पोरांनी तेव्हा मोबाइल काढले आणि माझ्या हाताचेच फोटो काढले.

मूत्रपिंडाची गोष्ट तर याहून सुंदर आहे, आणि ती आम्ही चार गुणांना विकतो. पोटातल्या गर्भात एक साधी नळी असते आणि तिच्या शेजारी पेशींचा एक छोटा पुंजका. त्या पुंजक्यातली काही जनुकं जागी होतात आणि पुंजका नळीला बोलावणं धाडतो. नळीला कोंब फुटतो, देठासारखा. तो देठ पुंजक्यात शिरतो आणि मग बोलावणं उलटं जातं, आता देठ पुंजक्याला सांगतो की तू मूत्रपिंड हो. देठाला फांद्या फुटतात, आसपासच्या पेशी आकार घेतात, रक्तवाहिन्या येऊन त्यांत आपले बारीक गुच्छ बांधतात. दोघांपैकी एक जरी गप्प बसला तरी त्या बाजूला मूत्रपिंड होतच नाही. हे सगळं गर्भ दीड महिन्याच्या आत-बाहेर असताना घडतं, आईला अजून धड मळमळही सुरू झालेली नसते तेव्हा. बोलावणं कधी दिलं जाणार नाही, हे बहुतेक वेळा जनुकांत आधीच लिहिलेलं असतं, आणि कधीकधी का ते कोणालाच सांगता येत नाही. पोरं विचारतात, "मॅडम, आकृती काढली नाही तर किती मार्क जातील?"

माझं माहेर धानोऱ्याचं. घर बऱ्यापैकी शेतीवालं, कापूस, पपई, थोडा ऊस. दर मोसमात घरच्या वर्षभराच्या तिखटासाठी दोन पोती मिरची येते, गच्चीवर वाळते आणि बायका अंगणात बसून देठ खुडतात. तीन वर्षांपूर्वीच्या त्या मोसमात माझा धाकटा भाऊ जितू याची बायको मनीषा पहिलटकरीण होती, पाचवा महिना. ती कमी बोलणारी, शहाद्याकडची मुलगी. नंदुरबारला सोनोग्राफी झाली तेव्हा मी पाच मिनिटांच्या अंतरावर पोरांना 'देठ कुठून फुटतो' हे विचारत बसले होते. परीक्षा टाकून कसं जाणार? परीक्षकांना चहा कोण देणार?

संध्याकाळी मनीषाचा फोन आला.

"ताई, बाळले एकच किडनी शे. डावी बनीच नही," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनेत, एक चांगली शे, ती दुसरीनंबी काम करी. काही भेवानं नही."

"मग झालं तर. रडतेस कशाला?"

"डॉक्टरनी इचारं, घरमा कोनले असं शे का? आईनी सांगं, आमना घरमा असं काही नही." तिने नाक ओढलं. "आते आई कॅलेंडर देखी ऱ्हायनात."

कॅलेंडर कशाला, हे मला रविवारी घरी गेल्यावर कळलं. आमच्या मायने, म्हणजे माझ्या आईने, मनीषाही जिला आई म्हणते तिने, भिंतीवरचं जुनं कॅलेंडर उतरवून मागचे महिने एकेक करून चाळले होते आणि शेवटी तिला हवं ते सापडलं होतं. मनीषाच्या चौथ्या महिन्यात एक ग्रहण होतं. ते आपल्याकडे दिसणारही नव्हतं. त्या दिवशी घरात कोणाच्या ध्यानात नव्हतं, मायच्याही नाही, कारण ती स्वतः मनीषाच्या शेजारी बसून मिरच्या निवडत होती. पण रिपोर्ट आला आणि ग्रहण मागाहून लागू झालं. आधी शिक्षा ठरली, मग गुन्हा शोधला. तोही कसा चपखल सापडला बघा.

"तिनी ग्रहनमा देठ खुडात," माय म्हणाली. "मन्हा डोयाघाई देखेल शे मी. देठ खुडात नि पोटमान्हा देठ तुटना."

मला आधी हसू आलं आणि मग अंगाची लाही झाली. पोटातल्या देठाबद्दल तिने माझ्याकडूनच कधीतरी ऐकलं असणार. मी सुट्टीत घरी जर्नलं तपासायला नेते, मोठ्याने बडबडते. माझं शास्त्र माझ्या आईने उचललं आणि सुनेच्या गळ्यात बांधलं.

मनीषाला मिरचीच्या पाटीला हात लावायची बंदी झाली होती. ती दाराशी, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला बसलेली, हात मांडीवर. माय आणि शेजारणी अंगणात खुडत होत्या आणि ती बघत होती. तिने रिकाम्या हातांचं काय करावं हेही कोणी सांगितलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला माय तीच हकिकत नव्याने सांगायची आणि ऐकणारी दाराकडे वळून बघायची.

"आते काय करानं ठरायं?" मी विचारलं.

"मंगयवारले दवाखानामा जाईसन मोकयं व्हई जाऊ," माय म्हणाली. "एका किडनीवर पोर कसं जगी? जनमभर दवाखानाच करत ऱ्हावानं का? दुसरं व्हई. वय कोठे गयं तिन्हं?"

मोकळं होऊ. पाच महिन्यांचं हालणारं मूल, ज्याला डॉक्टर चांगलं म्हणतात, ते टाकायचं ठरवलं होतं, आणि शब्द कोणता वापरावा, तर मोकळं. मी जितूकडे पाहिलं. हा माझा भाऊ कापसाच्या बियाण्याचं पाकीट घेताना दुकानात अर्धा तास उभा राहतो. कुठल्या वाणाचं आहे, कुठला गुण कुठून आला आहे, रोगाला टिकतं का, सगळं वाचतो, दुकानदाराला भंडावून सोडतो. त्याला बी म्हणजे काय हे कळतं, पपईची नर झाडं कोणती हे लांबून सांगतो. आणि बायकोच्या पोटाचा प्रश्न आला की हा गडी मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो.

मी तारखा मांडल्या. कागदावर रेघ ओढली, इथे पाळी, इथे दीड महिना, इथे देठ फुटतो किंवा फुटत नाही, आणि हे बघ, तुझं ग्रहण इथे, दोन-अडीच महिने उलटून गेल्यावर. जे झालंच नव्हतं ते तुटेल कसं? त्या वेळी तर कापूस वेचणी चालू होती, घरात मिरचीचा एक दाणा नव्हता. मी वर्गात कधी इतकं स्पष्ट शिकवलं नसेल. आवाजही इतका चढला नसेल.

"ताई, तुन्हं पुस्तकमान्हं ठेव तिकडे," जितू मान वर न करता म्हणाला. "माय म्हनस ते बराबर शे. लोके काय म्हनतीन उद्या, एक किडनीनं पोर शे म्हनीसन?"

"आणि मनीषा काय म्हणते ते विचारलंस?"

"तिले काय इचारानं?"

दाराशी बसलेल्या मनीषाने पोटावरचा पदर नीट केला.

मला त्या क्षणी त्या घराची शिसारी आली, ज्यात मी जन्मले, त्या अंगणाची, त्या लाल पाट्यांची, माझ्या शिकलेल्या भावाची. सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या आवाजाची, जो इतका चढूनही कोणाच्या कानापर्यंत पोहोचला नव्हता. एकोणीस वर्षं पोरांना पास करणारी बाई स्वतःच्या घरात नापास झाली होती.

मला वाटलं, माझी रेघ खोटी ठरते आहे तर डॉक्टरचा कागद दाखवू. मनीषाची पहिली सोनोग्राफी सातव्या-आठव्या आठवड्यात झाली होती, त्यावर छापील तारीख असणार. आमच्या घरी सगळ्यांचे दवाखान्याचे कागद एकाच पिशवीत असतात. साड्यांच्या दुकानाची जाड पिशवी, लोखंडी कपाटाच्या तळाशी, वर लोकरीचे कपडे. डॉक्टरांनी दिलेला प्रत्येक कागद तिच्यात जातो आणि पुन्हा बाहेर येत नाही. न वाचताच जपून ठेवण्याची ही आमची रीत आहे. मरेपर्यंत कागद सांभाळतील, पण त्यात काय लिहिलंय हे कोणी बघणार नाही. तुच्छतेने मी ती पिशवी पलंगावर उलटी केली.

जितूच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे, वडिलांच्या मोतीबिंदूच्या चिठ्ठ्या, औषधांच्या पावत्या. मनीषाचा कागद शोधता शोधता एक सोनोग्राफीचा रिपोर्ट हाती आला. नाव मायचं. त्याच्या चार-पाच वर्षं आधी तिच्या पोटात दुखत होतं, तेव्हाचा. डॉक्टर म्हणाले होते की पित्त आहे, गोळ्या दिल्या, दुखणं थांबलं. मी सहज तिसऱ्या ओळीवर नजर टाकली.

डावं मूत्रपिंड दिसत नाही, असं तिथे इंग्रजीत लिहिलं होतं. उजवं नेहमीपेक्षा मोठं आहे, काम चांगलं चालू आहे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. मग पलंगावर बसले, कारण मायला त्या दिवशी दवाखान्यात घेऊन गेलेली मीच होते. रिपोर्ट मीच हातात घेतला होता, मीच त्याची घडी केली होती. तेव्हाही फेब्रुवारी होता आणि मला परीक्षेला परतायचं होतं. बाहेर रिक्षा उभी होती. मी कागद उघडलासुद्धा नाही, डॉक्टरांना परत दाखवलाही नाही आणि जाऊन पोरांना मूत्रपिंड कसं होतं हे विचारलं. ज्यांची मी आत्तापर्यंत या लेखात टर उडवली, ते विभागप्रमुख, ती शाईच्या थेंबाला नाव देणारी मुलगी, कोणीही इतकं आंधळं नव्हतं. त्यांनी निदान समोर होतं ते तरी पाहिलं होतं.

मी कागद घेऊन अंगणात आले. दुपार टळत होती. शेजारणी गेल्या होत्या, माय एकटीच पाटीपुढे बसली होती. मिरचीचं टोक डाव्या हातात, उजव्या हाताने देठ कट्कन मोडायचा, मिरची एका बाजूला, देठ दुसऱ्या बाजूला. पासष्टीची बाई. चार बाळंतपणं घरात झालेली, जन्मभर कापसाची गाठोडी डोक्यावर वाहिलेली, आजही पाण्याची कळशी दुसऱ्याला उचलू देत नाही.

"माय, हाई तुन्हं नाव शे ना?" मी कागद पुढे धरला. तिला सही करता येते, आपलं नाव ओळखता येतं.

"शे. कसाना कागद शे?"

"तुन्हा पोटना. तुले एकच किडनी शे, माय. डावी नहीच."

तिचा हात थांबला. ओसरीवर मोबाइल बघणाऱ्या जितूने मान वर केली, त्या दिवसात पहिल्यांदा.

"काढी ली का कोनी?" तिने घाबरून कुशीला हात लावला.

"कोनी नही काढी. ती बनीच नही."

"कव्हयपाईन?"

"जनमपाईन."

हे घराण्यातून येऊ शकतं, मी सांगितलं. आजीकडून लेकाकडे, लेकाकडून नातवंडाकडे, मधे एखाद्याला दोन्ही असूनही. इथेही तसंच झालं असेल हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, तपासावं लागेल. पण एका किडनीचं माणूस कसं जगतं असं तुम्ही विचारत होता, तर ते पाटीपुढे बसलं आहे, बघून घ्या. शेवटचं वाक्य मी जितूकडे बघून बोलले आणि मला त्याचं पडलेलं तोंड बघून बरं वाटलं. मनाचा मोठेपणा वगैरे माझ्यात त्या वेळी नव्हता.

वाटलं होतं, माय भांडेल, कागद खोटा म्हणेल. ती हातातल्या मिरचीकडे बघत राहिली. मग चेहरा असा काही लहान झाला की मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. तिची आई, माझी आजी, जाऊन तीस वर्षं झाली असतील. माय अगदी हळू आवाजात म्हणाली,

"मंग मन्ही मायनी काय खुडं व्हई वं?"

मला संताप यायला हवा होता. इतकं सांगून, इतकं दाखवून, ही बाई पुन्हा एका बाईचाच गुन्हा शोधायला निघाली होती, आणि तीही तिची मेलेली आई. माझ्या जिभेवर काहीतरी जळजळीत आलंही. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

उत्तर दाराकडून आलं. इतके दिवस जिने कोणाला उलट शब्द दिला नव्हता, ती मनीषा उंबऱ्याच्या आतून म्हणाली,

"आजीनी काहीच नही खुडं, आई. तिन्हा काही दोष नही."

गच्चीवरून ठसका खाली येत होता आणि आम्ही चौघं आळीपाळीने खोकत होतो. मग मायने पदराने नाक पुसलं, समोरची पाटी दोन्ही हातांनी उचलली आणि सरकवत सरकवत उंबऱ्यापाशी नेली.

"ले, इतल्या खुडी टाक," ती मनीषाला म्हणाली. "मंगयवारले कोठे जावानं नही."